घराभोवतीच्या गवतासाठी बॅटरीवरचा ग्रास कटर : कोणता घ्यावा, कसा वापरावा?

कौलारू

रत्नागिरी तालुक्यात घराभोवती साडेचार गुंठे जागा आहे. तीन बाजूंना जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण), पाच नारळ, हापूसची दोन कलमं (एक जुनं, एक तीन वर्षांचं). पुढच्या बाजूला थोडी हरळी, मागच्या परसात टाकळा, लव्हाळा आणि गडग्याच्या कडेने कंबरभर गवत. आतापर्यंत विळा, आणि पावसाळ्यात दोनदा पेट्रोल मशीनवाला, असं चालायचं. आता घरातच बॅटरीवरचा कटर ठेवायचा विचार आहे. चालवणारी माणसं पासष्टीच्या पुढची आहेत, त्यामुळे वजन आणि दोरी ओढून स्टार्ट करण्याची कटकट दोन्ही नको.

ऑनलाइन पाहिलं तर २१ व्होल्ट, ३६, ४०, आणि त्याच्याच शेजारी '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ', '१२८ व्हीएफ' असे आकडे दिसतात, आणि मोठा आकडा उलट स्वस्त. खोक्यात नायलॉनची तार, प्लास्टिकची पाती, लोखंडी गोल पातं, सगळंच देतात. नेमकं काय वापरायचं? बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवर), आणि एका चार्जिंगमध्ये किती जागा होते? पावसात चालवता येतो का? तार सारखी तुटते किंवा आत जाऊन बसते अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली, ती कशामुळे?

पाच_सेल

आधी व्होल्टचं बघू, फसवाफसवी तिथेच जास्त आहे.

लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. असे पाच एका ओळीत जोडले की सरासरी १८ आणि भरल्यावर २१. म्हणजे १८ व्होल्ट, '२० मॅक्स' आणि २१ व्होल्ट ही एकाच बॅटरीची नावं. कोणी सरासरी छापतो, कोणी भरलेला आकडा. ३६ आणि ४० मॅक्स यांचंही तेच, तिथे दहा सेल ओळीत असतात. ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ वगैरे कुठल्याच मापात बसत नाही. खात्री करायची तर चार्जर उलटा करा आणि लेबलवर 'आउटपुट' वाचा. २१ व्होल्ट असेल तर आत पाच सेलांची ओळ, मग खोक्यावर काही का छापलेलं असेना. दहा सेलांच्या ओळीला चार्जर ४२ व्होल्टचा लागतो, तीन सेलांच्या खेळण्याला १२.६ चा.

आता एएच. व्होल्ट गुणिले एएच केलं की बॅटरीत साठलेली ऊर्जा मिळते. १८ × ४ = ७२ वॅट-अवर. घरगुती कटर पातळ गवतात साधारण २०० वॅट ओढतो, दाट आणि ओल्या गवतात ३०० च्या वर जातो. म्हणजे ४ एएचची बॅटरी पातळ गवतात वीसेक मिनिटं, दाट गवतात पंधराच्या आत. २ एएचची त्याच्या निम्मी चालायला हवी, पण प्रत्यक्षात त्याहूनही कमी चालते. कारण २ एएचमध्ये एकूण पाचच सेल असतात. ३०० वॅटला सोळा-सतरा अँपिअर लागतात, ते सगळे त्या पाचांतूनच ओढले जातात. सेल तापतात, व्होल्टेज बसतं आणि मशीन मध्येच बंद पडतं. ४ एएचमध्ये सहसा दहा सेल, दोन-दोनच्या पाच जोड्या, त्यामुळे प्रत्येकावर भार निम्मा. तेच मशीन ४ एएचवर जास्त जोरात चालतं ते यामुळेच. (नव्या बॅटऱ्यांत जाड, २१७०० मापाचे सेल असतील तर पाचांतही ४ एएच होतं.)

एएचचा आकडाही खोटा छापलेला असतो, तो वजनावरून पकडता येतो. नेहमीचा १८६५० मापाचा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. दहा सेल म्हटले की नुसत्या सेलांचेच साडेचारशे ग्रॅम झाले, वर कव्हर आणि सर्किट. तेव्हा '६ एएच' लिहिलेली बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरली, तर आत पाच सेल आहेत आणि ते ६ एएच देऊ शकत नाहीत.

घरात आधीच बॅटरीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा कटर पाहा, नुसती 'बॉडी' बरीच स्वस्त पडते. फक्त जोड बघून घ्या. बॉशच्या हिरव्या आणि निळ्या मालिकांच्या दोन्ही बॅटऱ्या १८ व्होल्टच्याच, पण एकमेकींत बसत नाहीत. मकिताच्या १८ व्होल्ट एलएक्सटी बॅटऱ्या ४० व्होल्ट एक्सजीटीच्या मशीनला चालत नाहीत. दोन एलएक्सटी एकदम लावून ३६ व्होल्टवर चालणारे कटर मात्र मिळतात.

साडेचार गुंठ्यांसाठी माझं मत ३६ व्होल्टच्या बाजूने. ब्रशलेस मोटर असलेलं घ्या. तिच्यात घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात, आणि गवत गुंडाळून मोटर अडकली तर बहुतेक मशीनमधलं सर्किट ती बंद करतं. साध्या मोटरमध्ये हे नसलं तर वास येईपर्यंत कळत नाही.

बेणणी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण ३६ व्होल्टशी सहमत नाही. ते मशीन बॅटरीसकट चार-पाच किलोंत जातं. पासष्टीतल्या माणसाला खांद्यावर पट्टा लावूनही उतारावर ते अर्धा तास जड होईल. १८ व्होल्टचं अडीच ते साडेतीन किलोंत येतं. ते घ्या, ४ एएचच्या दोन बॅटऱ्या घ्या आणि जागेचे तुकडे पाडा. ढोबळ मानाने एक गुंठा पातळ गवत म्हणजे ४ एएचची एक बॅटरी. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे शंभर चौरस मीटर धरा, आणि सवय झालेला माणूस अशा मशीनने मिनिटाला चार-पाच चौरस मीटर कापतो. घर, पायवाट, झाडांची आळी वजा जाता तुमचं काम दोन सकाळींत उरकेल.

पण हे सगळं गवत घोट्याएवढं असेपर्यंतच. कोकणात जूनच्या मध्यापासून गवत ज्या वेगाने वाढतं त्यात दर बारा-पंधरा दिवसांनी फिरवलात तरच १८ व्होल्टचं मशीन पुरतं. गणपतीला एकदम साफ करू म्हणून दोन महिने सोडून दिलंत तर ते कुठलंच घरगुती बॅटरी मशीन आवरणार नाही. गडग्याकडचा कंबरभर पट्टा हंगामात एकदा पेट्रोलवाल्याकडूनच काढून घ्या आणि पुढे तो वाढू देऊ नका. मशीनचे व्होल्ट वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवणं स्वस्त.

परसात काय उगवलंय तेही पाहा, सगळ्याला एकच उपाय नाही. हरळी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली घेऊ नका, नाहीतर मातीचे टक्कल पडतात आणि त्यात लव्हाळाच आधी घुसतो. लव्हाळा कापून मरत नाही, जमिनीत गाठी असतात. तो फक्त दिसेनासा होतो. टाकळा कोवळा असताना तारेने सहज उडतो, ऑगस्टअखेर बुंधा लाकडी झाला की नाही, तेव्हा विळाच. गाजर गवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा, आणि तेही हातमोजे घालून. तारेने मारलंत तर बुडख्यातून परत फुटतं आणि त्याचा चुरा अंगावर, तोंडावर उडतो; कातडीची ॲलर्जी असणाऱ्यांना तो फार त्रास देतो. गडग्यावर खाजकुइलीचा वेल असेल तर शेंगा धरल्यावर त्याच्या आसपास मशीन अजिबात चालवू नका. शेंगेवरची लव एकदा हवेत उडाली की घरातली सगळी माणसं खाजवत बसतील.

कापायची पद्धत. उंच गवत एकदम बुडातून कापायला जाऊ नका. लांब काड्या मशीनच्या डोक्याभोवती (तार फिरते तो खालचा भाग) गुंडाळतात, मोटर ओढते, बॅटरी संपते. वरचा अर्धा भाग आधी, मग मधला, मग बुडखा, असं दोन-तीन टप्प्यांत उतरा. डोकं किंचित पुढे कललेलं असू द्या, तार जमिनीला समांतर. मशीनचं अख्खं डोकं गवतात खुपसायचं नाही, तारेच्या टोकाचे शेवटचे चार-पाच सेंटिमीटरच आत घालायचे. कापतं ते टोक. मधला भाग नुसता ढकलतो.

डोक्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहून घ्या. ज्या बाजूला तार तुमच्यापासून दूर जाते त्या बाजूने कापलं की कचरा आणि खडे पुढे उडतात. उलट बाजूने कापलं की तेच नडगीवर येतात. वेगवेगळ्या मशीनची दिशा वेगळी असते, त्यामुळे 'उजवीकडून डावीकडे' असा सरसकट नियम करून चालत नाही.

उतारावर आडवं चाला, वर-खाली नको. आणि गडग्याजवळ जाण्याआधी काठीने गवत झोडपून घ्या. जांभ्याच्या सांदीत फुरसं (विषारी साप) असतं आणि मशीनच्या आवाजात त्याचा आवाज ऐकू येत नाही. गमबूट, जाड फुलपँट, डोळ्यांना बंद चष्मा. चपला घालून हे काम होत नाही.

सुटे_भाग

तारेबद्दल मी लिहितो. दुरुस्तीला येणाऱ्या दहांतल्या सात-आठ मशीनना काहीही झालेलं नसतं, फक्त तार चुकीची भरलेली असते.

जाडी मशीनच्या पुस्तिकेत असते तीच घ्या. १८ व्होल्टला बहुधा १.६ मिमी, काहींना २. ३६ व्होल्टला २ ते २.४. 'जाड घातली की तुटणार नाही' म्हणून २.४ ची तार १८ व्होल्टच्या डोक्यात कोंबतात. मग मोटरचा वेग पडतो, आणि गवत कापलं जातं ते टोकाच्या वेगामुळे. २६ सेंटिमीटर व्यासाचा फेरा कापणारं डोकं मिनिटाला ७८०० फेरे फिरत असेल तर तारेचं टोक सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातं. वेग निम्म्यावर आला की गवत कापलं न जाता ठेचलं जातं आणि टोकं पिवळी पडतात. चौकोनी तारही या लहान मशीनवर नको, ती हवेलाच जास्त अडते. गोल किंवा पीळदार घ्या.

गार्ड (डोक्यावरचं संरक्षक कव्हर) काढून कापणारेही बरेच. गार्डच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते जास्तीची तार कापून लांबी ठरवतं. गार्ड काढला की तार लांब राहते, पट्टा रुंद कापला जातो, माणूस खूश. पण त्याच वेगाने फिरवायला लागणारी ताकद फेऱ्याच्या चौथ्या घाताने वाढते. २६ सेंटिमीटरचा फेरा ३० केलात की भार ढोबळ मानाने पावणेदोन पट. मोटर जळण्याचं हे घरगुती मशीनमधलं नेहमीचं कारण आहे. खडे तोंडावर येतात ते वेगळंच.

स्पूल (डोक्यातलं तार गुंडाळायचं रीळ) भरायचा तो असा :

१. बॅटरी काढून बाजूला ठेवा. झाकणाच्या दोन बाजूंचे खटके एकदम दाबून झाकण काढा. स्प्रिंग उडते, म्हणून हे काम गवतात बसून करू नका.

२. जुनी तार पूर्ण काढा, आतली माती कोरड्या ब्रशने झाडा. तार बाहेर येते त्या भोकांतल्या धातूच्या कड्या झिजून धार आली आहे का पाहा. तसं असेल तर नवी तारही तिथेच तुटत राहील.

३. लहान स्पूलला चार-पाच मीटर तार बास. एकतारी असेल तर टोक भोकात अडकवा. दोनतारी असेल तर मधोमध दुमडून मधल्या खाचेत घाला आणि दोन्ही बाजू आपापल्या खणात ठेवा.

४. स्पूलवरच्या बाणाच्या दिशेने, ताण देऊन, शेजारी-शेजारी ओळीने गुंडाळा. फेरे एकमेकांवर चढवू नका. कडेपासून पाचेक मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे.

५. टोकं कडेच्या खाचांत अडकवा, भोकांतून बाहेर काढा, झाकण बसवा, मग टोकं ओढून खाचांतून सोडवा. बाहेर बारा-तेरा सेंटिमीटर ठेवा. जास्तीची गार्डचं पातं कापेल.

आता तार 'आत जाऊन बसते' त्याबद्दल. डोकं जमिनीवर ठोकलं की स्पूल क्षणभर सुटतो आणि फिरण्याच्या जोराने तार बाहेर खेचली जाते. बाहेर दोन-तीन सेंटिमीटरच उरली असेल तर खेचायला वजनच नसतं, मग कितीही ठोका. म्हणून तार गार्डच्या निम्म्याच्या आत आली की लगेच ठोकायचं, पूर्ण झिजू द्यायचं नाही. ठोकतानाही मशीन पूर्ण वेगात आणि मोकळ्या जमिनीवर असावं. फरशीवर ठोकत बसलात तर खालची टोपी झिजून भोक पडतं.

दुसरं कारण म्हणजे आतल्या आत तार चिकटणं. जांभ्यावर, सिमेंटवर टोक सारखं आपटलं की धक्के आतपर्यंत जातात, फेरे एकमेकांवर घासून तापतात आणि वितळून डकतात. स्पूल उघडल्यावर चकचकीत चिकटलेले डाग दिसले की हेच झालं. तेवढा तुकडा कापून टाका. ओढून सोडवला तर तिथेच परत तुटतो. गडग्यालगत डोकं दोन-तीन सेंटिमीटर लांब धरा आणि हळूहळू आत सरका, दगडाला टोक जेमतेम शिवलं पाहिजे.

तिसरं कारण, वाळलेली तार. नायलॉन ओलावा धरून ठेवतं म्हणून ते चिवट असतं. वर्ष-दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं रीळ काचेसारखं तुटतं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, बरंचसं सुधारतं. प्लास्टिकची पातीही बहुतेक नायलॉनचीच, त्यांनाही हा उपाय लागू पडतो.

काही मशीनमध्ये ठोकायची गरज नसते, दर वेळी ट्रिगर सोडून दाबला की थोडी तार आपोआप येते. ऐकायला छान वाटतं. पण कापताना ट्रिगर सारखा सोड-दाब करायची सवय असेल तर तार नुसतीच बाहेर येऊन गार्डच्या पात्यावर कापली जाते, 'टक टक' आवाज येतो आणि दुपारपर्यंत स्पूल रिकामा. असं मशीन घेतलंत तर एकदा दाबला की पट्टा संपेपर्यंत सोडायचा नाही.

एकच_वार

एवढा तारेचा खटाटोप कशाला? खोक्यात लोखंडी गोल पातं येतं ते लावा. टाकळा, झुडुपं, सगळं एका फेरीत. तार विकत घ्यायचीही गरज नाही.

बेणणी

पातं मोकळ्या शेतात, मोठ्या मशीनवर, खांद्याला पट्टा आणि सायकलसारखा हँडल असलेल्या दांड्यावर चालतं. हाताच्या एका लूपवर धरलेल्या तीन किलोंच्या मशीनवर नाही. दगडाला किंवा बुंध्याला पातं अडलं की मशीन बाजूला झटका मारतं, आणि हलका दांडा तो झटका पेलत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांच्या जागेत तीन बाजूंना जांभा आहे, हेही लक्षात घ्या. तार दगडाला लागली तर तार तुटते, पातं लागलं तर पात्याचा तुकडा उडतो.

सुटे_भाग

त्यात भर : साखळीचे तुकडे जोडलेली डोकी ऑनलाइन सर्रास दिसतात, ती कुठल्याच मशीनला लावू नका. कडी तुटली की गोळीसारखी सुटते. एकमेकांना जोडलेल्या एकापेक्षा जास्त धातूच्या भागांची अशी डोकी युरोपीय संघाने २०१२ मध्ये बाजारातून काढायला लावली, तीही जीवघेण्या अपघातानंतर. बायंडिंग वायर किंवा क्लचची केबल तारेऐवजी घालणारेही असतात. त्यांना तेच उत्तर.

प्लास्टिकची पाती मात्र निव्वळ हरळीसाठी चांगली. बदलायला एक सेकंद, भार कमी, बॅटरी जास्त पुरते. दगडाजवळ मिनिटाभरात तुकडा पडतो. तुम्ही पुढच्या हरळीला पाती आणि बाकी सगळीकडे तार ठेवा, डोकं दोन्ही घेणारं असेल तर.

कौलारू

मोठी मदत झाली. १८ व्होल्ट, ४ एएचच्या दोन बॅटऱ्या, ब्रशलेस, गार्ड जागेवर, हे ठरलं. आणखी तीन गोष्टी : नारळ आणि कलमांच्या बुंध्याजवळ कसं कापायचं? पावसाबद्दल कोणी लिहिलं नाही. आणि इकडे तालुक्याच्या बाजारात मासेमारीचा तंगूस सहज मिळतो, तार संपली तर तो चालेल का?

बेणणी

बुंध्याजवळ कापायचंच नाही. तीन वर्षांच्या कलमाची साल कोवळी असते, तारेचे चार फटके बसले की सोलली जाते. सभोवार सोलली गेली तर पानांकडून मुळांकडे जाणारं अन्न तुटतं आणि झाड वर्षभरात वाळतं. अर्धवट जखमेतून भिरूड (खोड पोखरणारा किडा) शिरतो. नारळाचं तर त्याहून वाईट, कारण त्याच्या खोडाची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, कायमची राहते, आणि ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो.

लहान कलमाला चार इंची पीव्हीसी पाइपचा नऊ इंचांचा तुकडा उभा चिरून सैल घाला, बुंधा जाडावला की काढून टाका. सगळ्या झाडांभोवती फूटभर जागा हाताने उपटून मोकळी ठेवा. कापलेलं गवत आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, पण ते बी धरण्याआधीचं असावं, आणि बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते.

ठिबकची नळी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना आधी काठ्या रोवा. १६ मिमीची नळी १.६ मिमीच्या तारेने सहज फाटते, आणि गवतात ते कळत नाही. कळतं ते चार दिवसांनी शेवटचं झाड सुकायला लागल्यावर. बागेतल्या दिव्यांच्या वायरींनाही हेच लागू.

पाच_सेल

पाऊस. मशीनवर 'आयपीएक्स४' लिहिलेलं असेल तर ते पाण्याचे शिंतोडे सहन करतं, एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याच घरगुती मशीनवर तेही नसतं. पाऊस पडत असताना चालवू नका. उघडीप मिळाल्यावर दोन-तीन तास थांबा. ओलं गवत गार्डच्या आत लगद्यासारखं दाटतं, डोक्याला घासतं आणि १५ मिनिटांची बॅटरी १० वर आणतं. दर दहा मिनिटांनी बॅटरी काढून लाकडी काटकीने गार्ड खरवडा. बॅटरी काढूनच. ट्रिगरला कोपर लागला तरी डोकं पूर्ण वेगाने सुटतं. काम झाल्यावर डोकं ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धरू नका.

बॅटरी आणि मशीन पावसाळ्यात पडवीत ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर येतो, मग मशीन मध्येच अडखळतं आणि लोक बॅटरी खराब समजतात. कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. काम संपल्यावर बॅटरी हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास थांबून मगच चार्जला लावा. दिवाळीनंतर चार-पाच महिने लागणार नसेल तर निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली की कधीकधी पुन्हा चार्ज घेत नाही.

संत्र्याची_बाग

आमच्याकडे विदर्भात दमटपणा नाही, ऊन आहे, म्हणून एवढंच : बहुतेक चार्जर ४५ अंशांच्या आसपास चार्ज करणं थांबवतात, दिवा लाल लुकलुकतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते सहज होतं. बॅटरी खराब समजून बदलू नका. पहाटे किंवा कूलरच्या खोलीत लावा. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.

हरळीवाले_पुणे

पेव्हर ब्लॉकच्या कडेने सरळ रेघ हवी असेल तर डोकं ९० अंशांत वळणारं आणि पुढे छोटं चाक असलेलं मशीन पाहा. चाक ब्लॉकवर टेकवून चालायचं, तार उभी फिरते. कापताना मागे सरकू नका, पुढेच चाला. आणि गाडी लांब लावा. अशा मशीनच्या पुस्तिकेत माणसांसाठी १५ मीटर अंतर लिहिलेलं असतं, काचेलाही तेवढंच द्यावं. जागा नसेल तर गाडीच्या बाजूला प्लायवूड उभं करा.

घेताना उंचीही तपासा. ताठ उभं राहून मशीन धरलं की डोकं जमिनीशी समांतर आलं पाहिजे. दांडा लांब-आखूड होणारा असेल तर दुकानातच पूर्ण लांब करून दोन्ही टोकं पिळून बघा. कुलूप तिथेच सैल असेल तर दोन महिन्यांत दांडा फिरायला लागतो.

सुटे_भाग

तंगूस नको. मासेमारीचा तंगूस ताण सोसण्यासाठी बनवलेला असतो, आपटणं सोसण्यासाठी नाही. पातळ असेल तर टोक लगेच फाटून केसाळ होतं, जाड असेल तर स्पूलमध्ये ओळीने बसत नाही आणि तापून चिकटतो. १.६ मिमीच्या ट्रिमर तारेचं १५ मीटरचं रीळ घ्या, तीन वेळा भरून होतं, आणि ते झिप पिशवीत ओल्या फडक्याबरोबर ठेवा.

मशीन ऑर्डर करण्याआधी दुकानदाराला एकच विचारा : याचा स्पूल, झाकण आणि गार्ड सुटे मिळतात का, आणि कोणत्या नंबरने? झाकणाचे खटके वर्षभरात तुटतात. ते सुटं मिळत नसेल तर बाकी मशीन कितीही चांगलं असलं तरी अडगळीतच जातं. मिळत असेल तर मशीनबरोबरच एक जादा स्पूल आणि एक झाकण मागवून ठेवा. स्पूल आधीच भरून ठेवला की ऐन पावसाच्या उघडीपीत तार गुंडाळत बसावं लागत नाही.